प्राथमिक अंदाज

खुनाची रहस्यकथा लिहिणं त्यातल्या त्यात सोपं, असं मी म्हटलं तर ती लिहिणारे चिडतील. पण खुनात निदान प्रेत पडलं तिथं पडलेलं असतं, रक्त असतं, ठसे असतात. आग गुन्हाही करते आणि जाता जाता झाडलोटही करून जाते. उरल्यासुरल्यावर बंबवाले पाणी मारतात, शेजारी भांडीकुंडी बाहेर ओढतात, पाहुणे येऊन ऊर बडवत राख तुडवतात. फौजदार पोचेपर्यंत घटनास्थळाचा काळा चिखल झालेला असतो आणि त्या चिखलातून आधी एवढंच ठरवायचं असतं: लागली की लावली? कुणी लावली, का लावली, ही रहस्यकथेची नेहमीची चैन त्यानंतरची.

अशा एका जळिताची डिटेक्टिव्ह कादंबरी मी लिहिते आहे. लातूर जिल्ह्यातलं, मांजरेकाठचं कुठलंही गाव धरा. साल २०१६, महिना एप्रिल. रात्री कधीतरी एका घराला आग लागते आणि थोरला भाऊ व त्याची शाळकरी मुलगी आत मरतात. थोरल्याची बायको घरात नसते म्हणून वाचते. धाकटा भाऊ शेजारीच वेगळा राहतो. जमिनीतून रस्ता जायचाय, मावेजा यायचाय, वाटणीचा दावा कोर्टात आहे. म्हणजे हेतू आहे, संशयित आहे, मयत आहेत. पहिल्या दहा पानांत गाव गुन्हेगार ठरवून मोकळं होतं आणि मला कादंबरी तिथून पुढं न्यायची आहे.

कारण आपल्याकडं आग येते तीच उत्तर सोबत घेऊन. ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे’ हे पेपरातलं वाक्य बघा. अंदाज प्राथमिक असतो म्हणे. पण त्याच्या पुढचा, दुय्यम अंदाज मी आजवर कुठल्या पेपरात वाचलेला नाही. दुसरं वाक्य सोयाबीनच्या काढणीला सुरू होतं. वर्षाचं पीक कापून, ताडपत्री टाकून, मळणीयंत्राची वाट बघत शेतात रचून ठेवलेलं असतं आणि एका काडीत जातं. ‘अज्ञात इसमाने बनीम पेटवून दिली.’ ठाण्यात अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल होतो. गावाला मात्र त्या अज्ञात इसमाचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि बांधाचं भांडण कुठल्या साली सुरू झालं, सगळं तोंडपाठ असतं.

तिसरं उत्तर घरातलं. स्टोव्हचा भडका उडाला. यावर मात्र विनोद करता येत नाही. ऐंशीच्या दशकापर्यंत ते इतक्या सुनांच्या बाबतीत दिलं गेलं की कायदा बदलावा लागला. १९८३ मध्ये भारतीय दंडविधानात सासरच्या छळाचं ४९८-अ कलम आलं, १९८६ मध्ये ३०४-ब: लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई जळून किंवा संशयास्पद मेली आणि त्याआधी हुंड्यापायी छळ झाल्याचं दिसलं, तर तो हुंडाबळी. जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले, सात वर्षं तीच राहिली. पंपाचा पितळी स्टोव्ह, त्याची पिन, स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा हे ज्यांनी रोज हाताळलंय त्यांना ठाऊक आहे की स्टोव्ह भडकतो, पण टाकी फुटणं वेगळं. फुटली तर ती उसवलेली सापडायला हवी. आणि डोक्यावरून ओतलेलं रॉकेल केसांच्या मुळाशी वास धरून राहतं, हे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना शिकवलेलं असतं. ते सगळे ‘स्टोव्ह अपघात’ पेपरात वाचत मोठी झालेली बाई आगीची रहस्यकथा निव्वळ कोडं म्हणून लिहू शकत नाही. मी तरी नाही. पण त्याच आठवणीमुळे जळितात बाईचं नाव आलं की आपलं मत आधीच होऊन बसलेलं असतं, हेही खरं आणि कादंबरीला ते उपयोगी पडलं.

जळिताचा तपास फसल्याची आपल्याकडची सगळ्यात जुनी गोष्ट तर सप्ताहात कीर्तनकार अजून सांगतात. लाक्षागृह. ताग, राळ, तूप, लाख घालून पुरोचनानं वारणावतात बांधलेलं घर; विदुरानं पाठवलेल्या खनकानं आतून खोदलेलं भुयार; त्या रात्री जेवायला आलेली निषाद बाई आणि तिचे पाच मुलगे, दारू पिऊन तिथंच झोपलेले. भीम घर पेटवतो, पांडव भुयारातून जातात. सकाळी गावाला राखेत एका बाईची आणि पाच पुरुषांची प्रेतं मिळतात. आकडा जुळला. हस्तिनापुरात तर्पणसुद्धा झालं. गावकरी राख उपसत होते तेव्हा त्यांच्यात तो खनकही होता आणि उपसता उपसता त्यानं भुयाराचं तोंड मातीनं बुजवून टाकलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. आदिपर्वातला एवढा बारीक तपशील कीर्तनात कधी येत नाही. तिथं भीमाचा पराक्रम येतो आणि टाळ्या पडतात. मला मात्र तो वाचून व्यासांचा हेवा वाटला. जळिताच्या जागी सगळ्यात कामसू दिसणारा माणूसच पुरावा बुजवतोय! असा माणूस मी माझ्या कादंबरीतही ठेवलाय, कोण ते सांगत नाही. त्या सहा जणांची नावं महाभारतात नाहीत. त्यांच्या बाजूनं कुणी फिर्यादीच नव्हता.

आता अमेरिकेतली दोन प्रकरणं. कादंबरी लिहिताना त्यांची टिपणं मी टेबलावरून हलू दिली नाहीत.

ऑक्टोबर १९९०, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, लाइम स्ट्रीटवरचं एक घर. सहा माणसं मेली. घरातला पुरुष लहान मुलाला घेऊन बाहेर पडला आणि म्हणाला, पोरगं सोफ्यापाशी लायटर खेळत होतं. तपासणाऱ्यांना जमिनीवर काहीतरी ओतल्यासारखे जळके डाग दिसले. ओतलंय म्हणजे लावलीय, लावलीय म्हणजे खून. सरकारी पक्षानं खात्री करून घ्यायची म्हणून शेजारचंच, तसंच बांधलेलं पडीक घर घेतलं, आत तसाच सोफा, तसंच कार्पेट टाकलं आणि फक्त सोफा पेटवला. छताखाली साठलेले वायू तापत गेले आणि साडेचार मिनिटांच्या आसपास खोलीतलं एकूण एक सामान एकदम पेटलं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. विझवून बघितलं तर पेट्रोलचा थेंब न वापरता जमिनीवर तेच ‘ओतल्याचे’ डाग. खटला मागं घेतला गेला.

टेक्सासमधल्या कॉर्सिकानाच्या कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमसाठी असं शेजारचं घर कुणी जाळून बघितलं नाही. २३ डिसेंबर १९९१ ला त्याच्या घराला आग लागून तीन लहान मुली गेल्या. जाळीदार तडकलेल्या काचा, जमिनीवरचे डाग, उंबऱ्याची वितळलेली ॲल्युमिनियमची पट्टी, हे सगळं काहीतरी ओतून पेटवल्याचा पुरावा म्हणून कोर्टापुढं गेलं. खरं म्हणजे काच तशी तडकते ती तापल्यावर तिच्यावर बंबाचं पाणी पडलं म्हणून. आणि ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, तिथवर लाकडाची साधी आगही सहज पोचते. हे सांगणारा एका तज्ज्ञाचा अहवाल मृत्युदंडाच्या थोडे दिवस आधी पोचला होता. १७ फेब्रुवारी २००४ ला विलिंगहॅमला विषारी इंजेक्शन देण्यात आलं. नंतर इतर तज्ज्ञांनीही तेच म्हटलं: ही आग लावली असं म्हणायला शास्त्रीय आधार नाही.

काचा आणि पट्टी राहू द्या, या प्रकरणातलं शेजाऱ्यांचं वागणं माझ्या अंगावर आलं. आगीनंतर लगेचच्या जबान्यांत बाप वेडापिसा झालेला दिसतो. संशयाची बातमी पसरली आणि त्याच शेजाऱ्यांना तो थंड होता असं आठवायला लागलं, आगीपासून गाडी लांब ढकलत होता हे ठळक झालं. खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांना तसं खरोखरच आठवत असणार. कॉर्सिकानाच्या जागी आमचं गाव घाला, काही बदलावं लागत नाही.

माझे मामा पोलिसात जमादार म्हणून रिटायर झाले. बहुतेक सगळी नोकरी ग्रामीण ठाण्यांत. कादंबरीतलं काही अडलं की मी त्यांच्याकडं जाते. ते अंगणात बाजेवर बसलेले असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: ‘अजून तेच जळीत लिहूलालीस का?’

मी विचारलं होतं, घटनास्थळी गेल्यावर पहिल्यांदा काय बघता?

‘जळिताच्या घरात एकदम शिरत नसतेत,’ ते तळहातावर तंबाखू चोळत म्हणाले. ‘आदी भाईर उभारायचं. गाव पयला अर्धा घंटा खरं बोलतंय. मग पुढारी येतेत, पाव्हणे येतेत, अन् गाव ठरवून बोलाय लागतंय.’

‘आणि कोण रडतंय, कोण नाही, ते धरायचं का?’

‘रडणं कशाला धरतीस? न्हाई रडला तर म्हनतेत, बघा, डोळ्यात टिपूस न्हाई. लई रडला तर म्हनतेत, नाटक करूलालाय. मग मानसानं रडावं तरी कसं?’

हे वाक्य मी जसंच्या तसं कादंबरीत घातलंय, एका म्हाताऱ्या कोतवालाच्या तोंडी. मामांना सांगितलेलं नाही.

मयताच्या मुठींचंही त्यांनीच सांगितलं. जळालेल्या माणसाचे हात कोपरात वाकून पुढं आलेले आणि मुठी वळलेल्या असतात. बघणारे म्हणतात, झटापट झालेली दिसते. प्रत्यक्षात उष्णतेनं स्नायूंमधलं प्रथिन गोठून आखडतं आणि हात आपोआप तसे येतात. मेल्यानंतर जाळलेल्या माणसाचेही येतात. कवटीला भेग पडते तीही निव्वळ उष्णतेनं पडू शकते, आणि नवशिक्याला ती काठीचा घाव वाटते. डॉक्टर बघतात ती श्वासनलिका. तिथं काजळी असली तर माणूस आग लागली तेव्हा श्वास घेत होता. रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला तर तेच. हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. झोपलेला माणूस धुरात जागासुद्धा होत नाही. माझ्या कादंबरीत बापलेक दोघांच्याही श्वासनलिकेत काजळी सापडते. म्हणजे आधी मारून मग घर पेटवलं हा गावाचा आवडता सिद्धांत चौथ्या प्रकरणात संपतो. गाव तो त्यानंतरही बोलत राहतं, हा भाग वेगळा.

घर कसं असावं यावर मी सगळ्यात जास्त पानं खर्च केलीत. वाचून बघणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, निम्मी काप. नाही कापणार.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून माणसं झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची माती अंगावर येऊन हजारो माणसं गेली. त्यानंतर आमच्या भागात लोक माळवदाखाली झोपायला भ्यायचे. ऐपत होती त्यांनी घरं उतरवली. नव्हती त्यांनी मागं दोन खण माळवद तसंच ठेवलं आणि पुढं पत्र्याचं शेड काढलं. माझ्या कादंबरीतलं घर हे असं, अर्धं भूकंपाआधीचं आणि अर्धं नंतरचं. तपासाला याहून चांगलं घर नाही.

पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४१९ अंशाला वितळतं. जिथं ताप जास्त लागला तिथं मुलामा जातो, पत्रा पांढुरका पडतो, नंतर त्यावर तांबूस गंज चढतो. शेडमध्ये उभं राहून वर बघितलं की आग कुठून कुठं सरकली त्याचे पट्टे दिसतात. माळवदाचं तंत्र वेगळं. सागवानी खांब, तुळया, सर, त्यावर किलचनं, पाला आणि वर हातभर पांढरी माती. भिंतीला खिडकी नाही. उजेडाला आणि धुराला वाट म्हणून छतात एक साणं, त्यावर पावसापुरतं झाकण. अशा खोलीत आगीला हवाच मिळत नाही, त्यामुळे ती हुरड्याच्या आगटीसारखी आतल्या आत आरावर राहते आणि माणसं ज्वाळेआधी धुरानं जातात.

त्या साण्यावर माझं सबंध एक प्रकरण आहे. तपास करणाऱ्या पीएसआय बाई शिडी लावून माळवदावर चढतात. गावातले पुरुष खाली उभे राहून, बाई माणूस वर कशाला चढली, अशा नजरेनं बघतायत. वर उन्हानं माती तापलेली आहे. साण्याच्या दगडी कडेवर काजळी आहे, पण सगळीकडून सारखी नाही. एका बाजूला बोटभर जाड आणि समोरच्या बाजूला हात पुसल्यासारखी स्वच्छ पट्टी. म्हणजे झाकण अर्धवट सरकलेलं होतं. ते रोजच तसं असायचं की कुणी त्या रात्री सरकवलं? बाई झाकण उलटं करून बघतात. खालच्या बाजूला जुनी, चुलीच्या धुरानं चकचकीत झालेली काळी साय आहे आणि तिच्यावर नवी, भुकटीसारखी, बोटाला लागणारी काजळी. दोन्हीची कड एकाच रेषेत थांबते. झाकण वर्षानुवर्षं तिथंच असायचं. कुणी हात लावलेला नाही. एवढं कळायला बाईंना दुपार लागते आणि त्यातून निष्पन्न काय, तर एक संशय कमी झाला. मला तपास असाच आवडतो.

मांडणीचंही सांगते. गावातल्या घरात जर्मनची पातेली असतात, पितळेचे डबे असतात, तांब्याची घागर असते. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, ६६० अंश. पितळ साधारण नऊशेच्या पुढं, तांबं १०८५. वरच्या फळीवरची पातेली ओघळलीत, पितळेचे डबे नुसते काळे पडलेत, घागर उभी आहे. म्हणजे त्या उंचीवर ताप किती चढला होता ते भांड्यांनी सांगून ठेवलंय. पंचनाम्यात मात्र ‘घरगुती भांडी जळून नुकसान, अंदाजे किंमत’ एवढंच येतं. पंच सही करतात, विषय संपतो.

आणि रॉकेल. कादंबरीतला तालुक्याचा वकील ‘सीए रिपोर्टमध्ये’, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालात, ‘रॉकेल निघालं’ म्हणून टेबलावर मूठ आपटतो. मामांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते हसायलाच लागले. ‘कोन्च्या घरात निघनार न्हाई? तुज्या आज्जीच्या वसरीतली माती धाड, तिच्यात बी निघंल.’ बरोबरच आहे. एप्रिल २०१६, उज्ज्वला योजना सुरू व्हायला अजून काही दिवस आहेत, ती १ मे ला सुरू झाली. रेशनचं निळं रॉकेल घरोघर आहे. चिमणी, कंदील, स्टोव्ह. भरताना चार थेंब सांडतातच आणि शेणानं सारवलेली भुई ते पिऊन घेते. म्हणून जळक्या जागेच्या मातीसोबत त्याच घरातल्या न जळलेल्या कोपऱ्यातली माती तुलनेसाठी पाठवावी लागते. शिवाय नमुना हवाबंद बाटलीत किंवा डब्यात हवा आणि लवकर पोचायला हवा, कारण मातीतले जीवाणू तेलाचे अंश खात राहतात. शेणाच्या सारवणात त्यांना काय तोटा? माझ्या पीएसआय बाई नमुने लाखेचं सील करून स्वतः नांदेडच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत नेऊन देतात. खऱ्या आयुष्यात त्यांना तेवढा वेळ मिळाला असता का, हे विचारू नका. कादंबरी आहे.

२०१६ चा एप्रिल मी मुद्दाम घेतला. त्या मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. पाणी रेल्वेनं आलेलं बघायला लोक स्टेशनावर गेले होते. खेड्यांत टँकर. अशा वेळी घर पेटलं तर विझवायला काय आहे? माणसं घागरी घेऊन धावत नाहीत, टोपल्यांनी माती टाकतात, भिजवलेलं एखादं पोतं मिळालं तर मारतात. त्यामुळे माझ्या कादंबरीतलं घटनास्थळ कोरडं राहिलंय. बंबानं धुऊन नेलेलं नाही. दुष्काळानं पुरावा राखला, असं लिहायला बरं वाटत नाही, पण कथानकाला त्याच्याइतका मोठा आधार दुसरा कुठलाच नाही.

धाकट्या भावाची पंचाईतही दुष्काळानंच केली. तो म्हणतो, मी रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, शेतात गेलो होतो. एरवी ही आमच्याकडची पक्की सबब असते. शेतीच्या फीडरला आठवड्यातले काही दिवस दिवसा लाईट, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की निम्मं गाव अंधारात बॅटऱ्या घेऊन उसात. पण त्याचं बोअर फेब्रुवारीतच आटलंय, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. दारं कसली धरतोस? तो खोटं बोलतोय हे गावाला तिथंच कळतं आणि खोटं बोलतोय म्हणजे त्यानंच लावली, हेही कळतं. तो खरोखर कुठं होता ते मी इथं सांगणार नाही, कादंबरी विकायची आहे. एवढं सांगते, की माणसाला खुनाच्या आळापेक्षा मोठ्या वाटणाऱ्या लाजा असतात.

आता लाईट. गाव म्हणतं, त्या रात्री लाईट नव्हती, मग शॉर्टसर्किट कसलं? बिनतोड मुद्दा. पीएसआय बाई वीज उपकेंद्रावर जातात. तिथं ऑपरेटर दर फीडर कधी बंद झाला, कधी चालू केला, ते लॉगशीटवर लिहीत असतो. गावठाण फीडर: बंद १२:४०, चालू ३:१०. आग दिसली पावणेचारच्या सुमाराला. म्हणजे लाईट नव्हती हे खरं आणि आली होती हेही खरं. बरंचसं गाव तेव्हा झोपेत होतं. आणि घरात एक उघड्या कॉइलची शेगडी आहे, जिच्यावर थोरली रात्री साडेबाराला नवऱ्याच्या खोकल्यासाठी पाणी तापवत होती. लाईट गेली, तिनं भांडं उतरवलं, बटण तसंच राहिलं. आपल्यापैकी कुणी लाईट गेल्यावर बटण आठवणीनं बंद करतं?

शेगडीच्या वायरीवर तांब्याचे वितळलेले मणी सापडतात. वाचक म्हणेल, झालं, सापडलं कारण. पण वायरीत वीज असताना बाहेरच्या आगीनं तिचं वेष्टण जळालं तरी तसेच मणी होतात. मण्यावरून एवढंच कळतं की त्या क्षणी वायरीत वीज होती. शेगडीनं आग लावली की आगीनं शेगडी गाठली, हे तो सांगत नाही. देवळीत चिमणीही होती, घरात मांजरही होतं. आणि धाकटा होताच.

अमेरिकेत १९९२ मध्ये आगीच्या तपासाची ‘एनएफपीए ९२१’ ही मार्गदर्शिका निघाली. तिच्यात आगीच्या कारणांचे चार वर्ग होते: अपघाती, नैसर्गिक, लावलेली आणि चौथा, अनिर्णित. पुरावा पुरत नसेल तर चौथा निवडायचा. आपल्याकडं महाराष्ट्र पोलिसांच्या समऱ्या आहेत, म्हणजे तपास बंद करताना कोर्टाला द्यायचे अहवाल. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी, ‘क’ म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही. माझ्या कादंबरीतली आग प्रामाणिकपणे तपासली तर ‘क’ मध्ये जाते. अडीचशे पानं वाचवून वाचकाच्या हातात ‘क’ समरी ठेवायची, यावर एका प्रकाशकानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती अजून माझ्या पाठीवर आहे.

पण आगीचा प्रश्न आणि मरणाचा प्रश्न वेगळे आहेत. बापलेक मेले ते बाहेर पडता आलं नाही म्हणून, आणि दाराबद्दल पुरावा पुरेपूर आहे. दार दोन फळ्यांचं, जुनं. कडी बाहेरच्या बाजूला, कोयंडा चौकटीत. सगळं लोखंड काजळलेलं असताना कोयंड्याभोवती कडी टेकते तेवढी जागा स्वच्छ आहे, राखाडी, धातूचा मूळ रंग. धूर त्या जागेला लागलाच नाही कारण कडी तिथं बसलेली होती. दार जळत होतं तेव्हा बाहेरून बंद होतं.

ती कडी थोरलीनं लावली होती. लपवतही नाही ती. रात्री दोनला टँकर येणार म्हणून कालवा झाला, ती घागरी घेऊन निघाली. दार नुसतं लोटलं की वाऱ्यानं उघडतं आणि कुत्रं थेट भाकरीच्या टोपल्यापर्यंत जातं. आमच्याकडं बाहेरून कडी घालणं म्हणजे कुत्र्याचा बंदोबस्त, त्यात कुणी आत कोंडलंय असं मनात येत नाही. मी स्वतः हजार वेळा घातली असेल. टँकर दोनच्या जागी साडेतीनला आला. ती रांगेत होती, तिच्या मागंपुढं साठ-सत्तर बायका होत्या, त्या सगळ्या साक्षीदार. आणि गावात आता दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते धाकट्यानं लावली. दुसरी म्हणते, कडी कुणाची? कडी तर तिची ना? या दुसऱ्या पार्टीत बाया जास्त आहेत, हे लिहिताना माझा हात अडखळला नाही.

शेवटचं प्रकरण त्या पीएसआय बाई आणि थोरली यांच्यातलं आहे. ३०४-अ, हयगयीनं मृत्यू, हे कलम लावायचं की नाही. वरून फोन येतायत, प्रकरण मिटवा किंवा कुणाला तरी आत घ्या. मी त्या प्रकरणाचे चार शेवट लिहून ठेवलेत आणि एकही पटत नाही. मामांना चारही वाचून दाखवले. ते चष्मा काढून, पुसून, परत लावून सगळं ऐकत होते. कलमाबद्दल काहीतरी बोलतील, निदान त्या बाईबद्दल तरी, असं मला वाटत होतं.

‘ते लॉगशीटवर तीन दहा कुनी लिवलं?’ त्यांनी विचारलं.

‘ऑपरेटरनं.’

‘त्याच वक्ताला लिवलं, का सकाळी उठून सगळे आकडे एकदमच लिवले?’

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

‘त्याला आदी बलिव,’ मामा म्हणाले. ‘मग त्या बाईकडं जा.’

तेव्हा आता मधे एक नवीन प्रकरण आलंय, उपकेंद्रावरच्या त्या ऑपरेटरचं. पुस्तक दिवाळीपर्यंत होत नाही.